भुयारातल्या गाडीचं भाडं

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर आवाज जरा मोठा करा. आज थोडा हिशोब सांगायचा आहे. विषय आहे मुंबईची जमिनीखालची रेल्वे, म्हणजे भुयारी मेट्रो.

तुम्ही म्हणाल, हसनाबादला साधी रेल्वे नाही, आपल्याला मेट्रोचं काय? पण गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तो एका तारखेवरून. आमच्या गटातल्या एका वहिनींची मुंबईच्या दवाखान्यातली फेरतपासणीची तारीख हुकली. पैशाची सोय झाली होती. गटाने कर्ज दिलं होतं. अडलं कशावर, तर सोबतीला माणूस नव्हता. मालक कापसाच्या वेचणीत आणि मुलगा कंपनीत पाळीवर. जाऊबाई यायला तयार होत्या, पण दोघीही म्हणाल्या, "मुंबईत आता जमिनीखालून गाड्या चालतात म्हणे. आपण दोघीच गेलो अन् खालीच हरवलो तर?" भीतीपोटी तारीख गेली आणि नवी मिळेपर्यंत थांबावं लागलं. तेव्हा आम्ही ठरवलं की हे भुयार आहे तरी काय, तिकीट किती, गाडी कोणती, हे सगळ्याजणींनी एकदा नीट समजून घ्यायचं.

जमिनीखाली रेल्वे चालवण्याची कल्पना काही नवी नाही. लंडन शहरात १८६३ साली पहिली भुयारी गाडी धावली, तीही कोळशाच्या इंजिनावर. भुयारात धूर कोंडायचा तरी लोक बसायचे, कारण वर रस्त्यावर घोडागाड्यांची एवढी दाटी होती. आपल्या देशात पहिली भुयारी रेल्वे कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली. मुंबईची भुयारी मेट्रो म्हणजे मेट्रो ३. तिला ॲक्वा लाईन म्हणतात. ती एकदम सुरू झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल एवढा तुकडा सुरू झाला, मे २०२५ मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत धावू लागली. पूर्ण मार्ग ३३.५ किलोमीटरचा आहे आणि त्यावर २७ स्टेशनं आहेत. त्यातली २६ जमिनीखाली, फक्त आरेचं तेवढं वर. या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तास लागतो.

हे भुयार खोदायला जी अजस्र यंत्रं लावली, त्यांना नद्यांची नावं दिली होती. कृष्णा, वैनगंगा, वैतरणा, तानसा, आणि आपली गोदावरीसुद्धा. धारावी आणि वांद्र्याच्या मध्ये हा बोगदा मिठी नदीच्या खालून गेला आहे. एवढ्या कामाला खर्चही तसाच आला. सुधारित अंदाज ३७,२७६ कोटी रुपयांचा होता. म्हणजे एका किलोमीटरला हजार कोटींहून जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, तिकिटाच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

आता भाडं. हे समजायला आपल्याला आपली एसटी पुरेशी आहे. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा. जितके टप्पे तितके पैसे. मेट्रोचंही तसंच आहे, फक्त टप्पे वेगळे. कमीत कमी तिकीट १० रुपये आणि जास्तीत जास्त ७०. मधले दर दहा-दहाने चढतात. आरेहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत, म्हणजे साधारण साडेबारा किलोमीटरला, ५० रुपये. आरेहून आचार्य अत्रे चौकापर्यंत ६०. आणि आरेहून शेवटच्या कफ परेडपर्यंत ७०. हे दर मार्ग सुरू होतानाचे आहेत. पुढे बदलले तर तिकीट खिडकीपाशी तक्ता लावलेला असतो.

यात एक गंमत बघा. पहिल्या साडेबारा किलोमीटरला ५० रुपये, म्हणजे किलोमीटरला चार रुपये पडले. पुढच्या एकवीस किलोमीटरला मात्र फक्त २० रुपये जास्त. पूर्ण मार्गाचा हिशोब केला तर किलोमीटरला दोन-सव्वादोन रुपये. मेट्रोत जवळचा प्रवास महाग पडतो आणि लांबचा स्वस्त. दोन स्टेशनं जायचं असेल तर आधी चौकशी करा की चालत किंवा बसने जमतं का. मुंबईच्या बेस्ट बसचं साधं तिकीट मे २०२५ पासून १० रुपयांपासून सुरू होतं, थंडगार गाडीचं १२ रुपयांपासून.

लंडनमध्ये पद्धत निराळी आहे. विहिरीत खडा टाकला की मधून बाहेर एकेक वर्तुळ पसरत जातं ना, तसं त्यांनी सगळं शहर वर्तुळांमध्ये वाटलं आहे. त्या वर्तुळाला झोन म्हणतात. अगदी मधला पहिला झोन, मग दुसरा, तिसरा, असे नऊ. किती झोन ओलांडले त्यावर भाडं. शिवाय कामाला जायच्या-यायच्या गर्दीच्या वेळी जास्त, बाकी वेळी कमी. तिथं अकरा वर्षांच्या आतली चार मुलं एका मोठ्या माणसासोबत फुकट जातात. न्यूयॉर्कमध्ये आणखी वेगळं: एकदा आत शिरलं की जवळ जा नाहीतर लांब जा, भाडं एकच. हे सांगायचं कारण एवढंच की भाडं काही आभाळातून पडत नाही. कुठल्या शहराने कुणाला सवलत द्यायची, हे माणसंच बसून ठरवतात.

मुंबईच्या मेट्रोत झोन नाहीत. तुम्ही कुठून चढलात आणि कुठं उतरलात, एवढंच बघितलं जातं. त्यामुळे तिकीट काढताना दोन नावं पक्की हवीत: कुठून आणि कुठं. ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. मोबाईलवर भरवसा ठेवू नका, जमिनीखाली रेंज मिळेलच असं नाही.

आता आत शिरल्यावर काय होतं, ते क्रमाने सांगतो.

रस्त्यावरून जिना किंवा लिफ्टने खाली उतरलं की आधी तपासणी. पिशवी यंत्रातून जाते आणि बायकांची तपासणी बायकाच करतात. कोयता, विळी, रॉकेल, गॅस असलं काही सोबत नको. मग तिकीट खिडकी. तिथं रोख पैसे देऊन कागदाचं तिकीट मिळतं. त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. तीच तिकिटाची खूण. प्रत्येकीचं तिकीट वेगळं. ते चुरगाळू नका आणि घामाने ओलं होईल असं ब्लाऊजमध्ये खोचू नका. ठिपके पुसले की यंत्राला ते वाचता येत नाहीत. मोबाईलवरही तिकीट निघतं. ऑक्टोबर २०२५ पासून 'मुंबई वन' नावाचं ॲप आलं आहे, त्यात लोकल, मेट्रो, बस यांची तिकिटं एकाच ठिकाणी काढता येतात. पण ज्यांना ते जमत नाही त्यांनी खिडकीवर जायला अजिबात संकोच करू नये.

पुढं फाटक असतं. त्याच्या काचेवर तिकिटाचा ठिपक्यांचा चौकोन धरायचा, की दार उघडतं. एका तिकिटावर एकच बाई. पुढची गेली की तिच्या पदराला धरून मागची शिरायला बघू नका, दार मध्येच मिटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिकीट फेकायचं नाही. बाहेर पडतानाही तेच तिकीट दाखवावं लागतं. एसटीतून उतरलं की तिकीट टाकून द्यायची आपल्याला सवय आहे. इथं ती सवय सोडावी लागते.

आता दिशा. मेट्रो ३ ला दोनच दिशा आहेत. एक कफ परेडकडे, दुसरी आरेकडे. पाटीवर शेवटच्या स्टेशनचं नाव लिहिलेलं असतं. आपलं स्टेशन त्या बाजूला आहे का, एवढंच बघायचं. गाडीत पुढच्या स्टेशनचं नाव मराठीतही सांगतात. समजा झोप लागली आणि आपलं स्टेशन मागं गेलं, तरी घाबरायचं काहीच नाही. फाटकाच्या बाहेर पडू नका. पुढच्या स्टेशनवर उतरा, उलट्या दिशेच्या गाडीत बसा आणि परत या. बाहेरच पडायची वेळ आली तर फाटकाजवळच्या मदत खिडकीवर फरकाचे पैसे भरता येतात.

दारांबद्दल सांगतो. फलाटावर काचेची भिंत असते आणि तिला दारं असतात. गाडी आली की दोन्ही दारं एकदम उघडतात. त्यामुळे रुळावर पडायची भीती नाही. पण दारं थोडा वेळच उघडी राहतात, कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून निघायच्या आधीच आपसात ठरवून ठेवा: ज्या चढल्या त्या पुढच्या स्टेशनवर उतरून तिथंच थांबतील आणि ज्या राहिल्या त्या पुढच्या गाडीने तिथं येतील. दोघींनी एकमेकींना शोधत फिरायचं नाही. गाड्या काही मिनिटांच्या अंतराने येतच राहतात.

आणि सरकता जिना. नऊवारी असो की सहावारी, साडीचा घोळ आणि पदर त्या पायऱ्यांच्या फटीत अडकू शकतो. निऱ्या एका हातात वर धरा, दुसरा हात कठड्यावर ठेवा, पदर खोचून घ्या. ज्यांना भीती वाटते, गुडघे दुखतात किंवा सोबत पेशंट आहे, त्यांनी सरळ लिफ्ट विचारा. लिफ्ट प्रत्येक स्टेशनवर आहे.

आता मुख्य प्रश्न. हसनाबादहून निघालेल्या बाईला ही मेट्रो कुठं उपयोगी पडते आणि कुठं नाही?

आपण एसटीने किंवा जीपने जालना गाठतो. तिथून देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, जनशताब्दी, वंदे भारत अशा गाड्या मुंबईला जातात. उतरायचं दादरला किंवा शेवटी सीएसएमटीला. सीएसएमटीला मेट्रो ३ चं स्टेशन रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. दादरला मेट्रोचं स्टेशन पश्चिमेच्या बाजूला आहे आणि रेल्वेपासून थोडं चालावं लागतं.

टाटा हॉस्पिटल, केईएम आणि मुलांचं वाडिया ही तिन्ही परळला आहेत. मेट्रो ३ परळला जात नाही. तेव्हा टाटाला किंवा केईएमला जायचं असेल तर दादरला उतरा आणि मध्य रेल्वेच्या स्लो लोकलने पुढचंच स्टेशन परळ, नाहीतर बस पकडा. मेट्रोचे पैसे खर्च करायची गरजच नाही. लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपयांपासून आहे. स्लो लोकल मागून घ्या, फास्ट गाडी परळला थांबेलच असं नाही.

कामा हॉस्पिटल, जी.टी. आणि सेंट जॉर्ज ही सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथंही मेट्रो लागत नाही. पण नायर हॉस्पिटलला जायचं असेल तर मेट्रो ३ ने मुंबई सेंट्रलला उतरायचं. मंत्रालयात काम असेल तर विधान भवन स्टेशन. सिद्धिविनायकाला त्याच नावाचं स्टेशन आहे. आखाती देशात कामाला गेलेल्या पोराला आणायला विमानतळावर जायचं असेल तर तिथंही स्टेशनं आहेत, देशांतर्गत विमानांचं टी-१ वेगळं आणि परदेशातून येणाऱ्या विमानांचं टी-२ वेगळं. आणि आपल्या गटांच्या मालाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावरही भरलेलं आहे. तिथं जायचं असेल तर बीकेसी स्टेशन. मालाच्या पेट्या मात्र टेम्पोने पाठवा. मेट्रोत मोठं सामान चालत नाही.

वेळही लक्षात घ्या. पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमाराला सुटते आणि शेवटची रात्री साडेदहाला. पहाटे लवकर उतरलात तर स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसा, उजाडल्यावर निघा.

मग लोकल घ्यायची की मेट्रो? आम्ही गटात यावर बराच काथ्याकूट केला. आमचं मत असं झालं: दोघी धडधाकट आहेत आणि दुपारची निवांत वेळ आहे, तर लोकल. स्वस्त आहे, बायकांचा डबा वेगळा आहे. पण सोबत ऑपरेशन झालेली बाई आहे, सकाळची नाहीतर संध्याकाळची गर्दीची वेळ आहे आणि मेट्रो त्या बाजूला जाते, तर चाळीस-पन्नास रुपये जास्त गेले तरी मेट्रो. गर्दीत टाक्यांवर धक्का बसला तर ते पैसे वाचवून काय उपयोग?

पैशाचा प्रश्न इथंच खरा टोचतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांनाही अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट. हे अर्धं तिकीट आल्यापासून आपल्या गावातल्या किती बायका एकट्या राजूरच्या गणपतीला, माहेरी, तालुक्याला जायला लागल्या, हे तुम्हीच आठवा. पूर्वी "येते" म्हणायच्या आधी बाईला पैसे मागावे लागायचे. आता बटव्यातल्या पैशांत जमतं. मेट्रो ३ मध्ये बाई म्हणून असं अर्धं तिकीट नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोघी जाऊन-येऊन २८० रुपये होतात. आमच्याकडे एवढ्यासाठी बाईला दिवसभर खुरपावं लागतं.

असं का, तर एसटी राज्याची आहे आणि सवलतीचे पैसे राज्य सरकार एसटीला भरून देतं. मेट्रो ३ ही केंद्र आणि राज्य या दोघांच्या भागीदारीतली कंपनी चालवते. मघाशी सांगितलेल्या त्या हजारो कोटींत परदेशी कर्ज मोठं आहे. ते फेडायचं असतं, गाड्या चालवायचा रोजचा खर्च असतो, म्हणून भाड्यावर लक्ष ठेवलं जातं. पण सवलत अशक्य नाही. मुंबईच्याच मेट्रो २-अ आणि ७ या मार्गांवर मे २०२३ पासून ६५ वर्षांपुढच्यांना, दिव्यांगांना आणि बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना २५ टक्के सवलत दिली गेली. पुणे मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलतीचं कार्ड आहे. ज्यांची पोरं पुण्यात शिकतात त्यांनी हे नक्की विचारा. पुण्याचाही शिवाजीनगर ते स्वारगेट हा तुकडा भुयारी आहे.

म्हणजे ठरवलं तर होतं. दवाखान्याचं कार्ड दाखवणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला भुयारी मेट्रोत अर्धं तिकीट मिळावं, असं आम्हाला वाटतं. रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला सवलत देते, सोबतच्या माणसालाही देते, मग मेट्रोने का देऊ नये? ही मागणी आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव म्हणून मांडणार आहोत. तुमच्या ग्रामसंघातही मांडा. प्रभागसंघाकडून तो पुढं आमदार-खासदारांकडे जाऊ द्या. एका गावचं पत्र फायलीत पडतं. पन्नास गावची पत्रं गेली तर कुणीतरी उघडून वाचेल.

तोवर प्रत्येक गटाने दोन कामं करावीत. एक म्हणजे गटाच्या वहीत प्रवासाचं एक पान ठेवा. कोणती बाई कुठल्या दवाखान्याला जाणार, तारीख कोणती, सोबत कोण, हे त्यावर लिहा. माणूस नाही म्हणून कुणाची तारीख जाता कामा नये. एकदा मुंबई बघून आलेली बाई पुढच्या वेळी दुसरीची सोबतीण व्हावी. तिच्या तिकिटाचे पैसे गटाने द्यावेत.

दुसरं काम म्हणजे जाणाऱ्या बाईच्या हातात एक चिठ्ठी द्या. चारच ओळी. कुठं उतरायचं. तिथून लोकल, बस की मेट्रो. मेट्रो असेल तर कुठल्या दिशेची आणि कुठल्या नावाच्या स्टेशनपर्यंत. आणि घरचा फोन नंबर, कागदावर. जिला वाचता येत नाही तिनेही ही चिठ्ठी ठेवावी. स्टेशनवरच्या शिपायाला दाखवली की तो वाट दाखवेल. मेट्रोच्या एका स्टेशनला बाहेर पडायचे तीन-चार रस्ते असतात आणि प्रत्येकावर अक्षर आणि आकडा असतो. "नायर हॉस्पिटलला कुठल्या दारातून जायचं?" एवढं विचारलं की वर आल्यावर वणवण होत नाही.

त्या वहिनींना नवी तारीख मिळाली आहे. या वेळी सोबत जाऊबाई जाणार आहेत. तपासणी परळला आहे, त्यामुळे दोघींना भुयारात उतरावंच लागणार नाही. दादरला उतरायचं आणि एक स्टेशन लोकलने. चिठ्ठी आम्ही लिहून दिली आहे.

तुमच्या गावातून कुणी मुंबईला जाऊन आलं असेल तर आम्हाला कळवा. कुठल्या दवाखान्याला कसं गेलात, किती पैसे लागले, कुठं अडलं, सगळं सांगा. तो हिशोब आम्ही पुढच्या वेळी इथंच वाचून दाखवू. बरं, येतो आता. चुलीवरचं दूध बघा, ऊतू जाईल!